पान ४१२ ते ४१९

नववीची परीक्षा संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मी दाढीला साबण लावून आरशासमोर उभा असताना, आमच्या लेकीने मागणी मांडली.

"बाबा, मला मोठ्यांची फँटसी आणून दे. मुलांची पुरे झाली. प्रत्येकात एक शाळा असते आणि शेवटी सगळे तिथेच परत जातात. मला आत्ता कुठे सुट्टी लागलीय."

"मोठ्यांची म्हणजे कशी?"

"जाड. नकाशा पाहिजे. राजकारण पाहिजे. दोन-चार महत्त्वाची माणसं मेली तरी चालतील. फक्त ते चिकट प्रकार नकोत."

"चिकट म्हणजे?" असं मी विचारलं आणि तेवढ्यात थोडा साबण तोंडात गेला.

"तुला माहितीय," ती म्हणाली. मला माहीत होतं. आम्ही बडोद्याचे मराठी. हिशेब गुजरातीत करतो, भांडतोही गुजरातीत, पण लाजायचं मात्र अजून मराठीतच.

खरं म्हणजे मला आनंद व्हायला हवा होता. बाकीच्या बापांना मुलांच्या हातातून जे काढून घ्यावं लागतं, ते माझी लेक स्वतःहून नको म्हणत होती. एक संध्याकाळ, रावपुऱ्यात एक चक्कर, काम फत्ते, असा माझा अंदाज होता. मी पंचवीस वर्षं ऑडिटमध्ये काढली आहेत. ज्या कामाचा अंदाज मी 'एक संध्याकाळ' असा बांधतो ते मार्चअखेरपर्यंत चालतं, हे मला कळायला हवं होतं.

पहिली अडचण अशी की पुस्तकावर काही लिहिलेलं नसतं. बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका असतो. सिनेमाला सर्टिफिकेट असतं, आणि आता तर 'यूए'चेही ७, १३ आणि १६ वर्षं असे तीन भाग केलेत. सातशे पानांच्या कादंबरीवर मात्र एक तलवार, एक मुकुट आणि त्याला विळखा घातलेली वेल. आत काय आहे हे त्या वेलीला माहीत. बरं, दुकानातलं कपाट बघून ठरवावं, तर कपाटाचाही भरवसा नाही. सारा जे. मास यांची एक मालिका २०१५ साली किशोरांची म्हणून निघाली आणि २०२० साली नवी मुखपृष्ठं लेवून मोठ्यांच्या कपाटात गेली. मधल्या पाच वर्षांत ज्या आईबापांनी ती वाढदिवसाला भेट दिली असेल, त्यांची मला रात्री-अपरात्री आठवण येते.

पुण्याची भाची म्हणाली, "मामा, सोपं आहे, स्पाइस विचारायचा. एक मिरची म्हणजे हात हातात, पाच मिरच्या म्हणजे विचारूच नको." आता आम्ही वरणात गूळ घालणारी माणसं. आमच्या घरात एका मिरचीला ठसका लागतो. तिच्या दोन मिरच्या म्हणजे आमच्या किती, याचं कोष्टक तिच्याकडे नव्हतं. आमच्या गावात सेव-उसळ मिळते तिथे ही अडचण सोडवलेली आहे: उसळ फिकी, तिखट तर्री वेगळी, ज्याने त्याने आपापल्या हिमतीवर ओतून घ्यायची. प्रकाशकांनी एकदा येऊन बघून जावं.

शेवटी मी माझ्या धंद्यातला उपाय केला. रावपुऱ्यातल्या एका भाड्याच्या लायब्ररीतून एक दणदणीत कादंबरी आणली आणि तिचं सॅम्पल ऑडिट केलं. दर पन्नासावं पान. पान ५०: घोडेस्वारी. पान १००: विषप्रयोग. पान १५०: राजाच्या भावाचं मुंडकं. पान २००: आणखी दोन मुंडकी. २५०, ३००, ३५०, ४००, ४५०, सगळं निर्मळ. (मुंडक्यांना मी निर्मळमध्ये धरलं, हे नंतर सौ.ने लक्षात आणून दिलं.) पुस्तक पास केलं आणि लेकीच्या टेबलावर ठेवलं. तिचं आधीचं पुस्तक संपायचं होतं, म्हणून रात्री सहज चाळायला मीच घेतलं. राजाच्या भावाला मारलं कोणी, हे मला कळायला हवं होतं.

दीड वाजता मी पान ४१२ वर पोचलो.

तिथून ४१९ पर्यंत जे होतं ते मी सांगणार नाही. मी चष्मा काढला, पुसला, परत लावला. माझ्या सॅम्पलमध्ये ४०० आणि ४५० होती. आमच्या धंद्यात घोटाळा नेहमी दोन सॅम्पलच्या मधेच निघतो.

आता काय करावं? पुस्तक भाड्याचं, फाडता येत नाही. परत करावं तर लेकीने मुखपृष्ठ पाहिलेलं, मैत्रिणींना फोन करून झालेले. मी ऑफिसच्या बॅगेतून दोन टाचण्या काढल्या आणि ती पानं एकमेकांना टाचली. एक वर, एक खाली. कागदपत्रं लावावीत तशी व्यवस्थित.

त्यानंतरचा महिना मी नमुना वगैरे सोडून सबंध पुस्तकं वाचली. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत, बँकेच्या रांगेत, एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना. त्यातून माझे काही ठोकताळे तयार झाले. लढाईच्या आदल्या रात्री सावध राहावं. पाऊस सुरू झाला की सावध राहावं. कोणी कोणाच्या दंडाला पट्टी बांधायला घेतली की फार सावध राहावं. आणि दोघं भिजून सराईत पोचले आणि सराईचा मालक म्हणाला की एकच खोली शिल्लक आहे, तर पुस्तक तिथेच मिटावं. हजार-हजार पानं ज्यांना नदीचे फाटे आणि राजांच्या वंशावळी आठवतात, त्या लेखकांच्या जगात सराईंना दुसरी खोली कधीच नसते.

आमच्या आईचं मत निराळं होतं. आई शाळेत इंग्रजी शिकवायची, निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, पण घरातल्या सगळ्यांचं वर्तन अजून तीच तपासते. "इंग्रजी कशाला पाहिजे? आपल्याकडे काय कमी आहे?" म्हणून तिने माळ्यावरून 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' काढायला लावल्या. कृष्णशास्त्री चिपळूणकरांचं नाव, म्हणजे घरच्या देवाऱ्यात ठेवावं असं पुस्तक. मी धूळ झटकून सुरुवात वाचली. गोष्ट सुरूच होते ती दोन बादशहा भावांच्या बायकांनी काय केलं इथून, आणि रागावलेला बादशहा पुढे रोज एक लग्न करून रोज सकाळी नवरीला मारतो, असा हा सगळा डोलारा उभा. मी पुस्तक मिटून आईकडे पाहिलं.

"मी दहाव्या वर्षी वाचलं," आई म्हणाली. "तेव्हा तर यात असलं काही नव्हतं."

यावर मी बराच विचार केला. लहानपणी आजीबरोबर कीर्तनाला जायचो तेव्हा बुवा मत्स्यगंधेची गोष्ट सांगायचे. पराशर मुनी नावेत बसले, नदीच्या मध्यावर त्यांना ती आवडली, त्यांनी नावेभोवती धुकं निर्माण केलं, इथे बुवा दोन वेळा झांज वाजवायचे, आणि "यथावकाश व्यासांचा जन्म झाला". खरं तर व्यास त्याच दिवशी जन्मले म्हणतात, पण बुवांचं 'यथावकाश' सुटत नसे. समोर आम्ही सात-आठ वर्षांची पोरं बसलेली. आम्हाला काहीही खटकलं नाही. धुकं खूप आवडलं, एवढंच आठवतं. मला लेकीसाठी पाहिजे होतं ते हेच. जग मोठ्यांचं असू दे, माणसं मोठ्यांसारखी वागू देत, पण नदीच्या मध्यावर कोणीतरी धुकं पाडा आणि झांज वाजवा.

धुकं पाडणारे लेखक आहेत, मिळतात. अर्सुला ले ग्विनचं अर्थसी १९६८चं, बारीकसं, पण त्यात समुद्र आणि बेटं आणि एका पोराचा माज आणि त्याचं फळ, सगळं आहे. त्या जगात प्रत्येकाचं खरं नाव गुप्त असतं, ज्याच्यावर जीव टाकावा त्यालाच सांगायचं. लेकीने हे जेवताना सांगितलं तर आई म्हणाली, "यात जादू कसली? चाळीस वर्षं मी ह्यांचं नाव उखाण्याशिवाय घेतलं नाही."

ब्रँडन सँडरसनचं २००६चं मिस्टबॉर्न तर घरात साथीसारखं पसरलं. आकाशातून राख पडते आणि काही माणसं धातूचा कीस गिळून तो पोटात 'जाळतात'. कथलाने नजर आणि कान तीक्ष्ण होतात, लोखंडाने धातूच्या वस्तू आपल्याकडे ओढता येतात. "म्हणजे भस्मच की," आई म्हणाली. "लोहभस्म, ताम्रभस्म. तुझे आजोबा घ्यायचे." "मग आजोबांना काय व्हायचं?" "पित्त." या पुस्तकात सरदार लोक गुलाम बायकांचं काय करतात हे कळतं, अंगावर काटा येतो, पण लेखक आपल्याला त्या खोलीत नेत नाही. बातमी देणं आणि खिडकीशी उभं करणं यात फरक असतो. लेकीला तो माझ्या आधी कळला.

टेरी प्रॅचेटच्या एकाच जगावरच्या ४१ कादंबऱ्या आहेत, १९८३ ते २०१५. त्यात चावट विनोद आहेत, पण ज्याला आधीच माहीत आहे त्यालाच कळतील अशा बेताने. लेक एका पानावर खो-खो हसली तेव्हा ती नेमकी कशाला हसली हे विचारायची माझी छाती झाली नाही. सुझॅना क्लार्कची २००४ची दोन जादूगारांची भलीथोरली कादंबरी लेकीने शंभर पानांवर सोडली, कारण तळटीपा. माझ्यासारख्या ऑडिटरला मात्र ती फारच आवडली. तळटीपा हा ताळेबंदाचा प्राण असतो.

यातलं एक पुस्तक शोधायला आम्ही मांडवीला सेंट्रल लायब्ररीत गेलो होतो. ते तिथे होतं की नाही याचा पत्ता लागण्याआधीच लेक काचेच्या फरशीवर थबकली. सयाजीरावांनी १९१० साली बॉर्डन नावाचा ग्रंथपाल थेट अमेरिकेहून आणला आणि राज्यभर वाचनालयांचं जाळं विणायला घेतलं. इथली कपाटं लोखंडी आणि मजल्यांची जमीन जाड काचेची, उजेड खालपर्यंत पोचावा म्हणून. ती काच धुरकट. तिच्यातून उजेड येतो, पण वरून कोण चाललंय ते खालच्याला दिसत नाही. हे मी लहानपणी मान मोडेपर्यंत वर बघून स्वतः तपासलेलं आहे. लेकीनेही तपासलं. "भारी," ती म्हणाली, आणि तिथेच फतकल मारून तिने अर्धा तास भलतंच पुस्तक वाचलं. ते मी तपासलेलं नव्हतं.

सुट्टी संपत आली तेव्हा टाचणीवाली कादंबरी परत करायला गेलो. वाटेत मी टाचण्या काढून पानांवरून नखाने भोकं दाबली. लायब्ररीवाल्याने पुस्तक काउंटरवर ठेवलं आणि ते आपोआप ४१२ वर उघडलं. त्याने भिंग काढलं नाही, पण काढलं असतं तरी चाललं असतं. माझ्या दोन भोकांशेजारी आणखी तीन जोड्या होत्या. एक गंजलेली. एका ठिकाणी स्टेपलरच्या पिनेची खूण, एका कोपऱ्यात वाळलेला डिंक. माझ्याआधी किमान चार बाप इथे येऊन गेले होते, आणि त्यांच्या टाचण्यांमुळे त्या पुस्तकाला दुसरीकडे कुठे उघडताच येत नव्हतं.

"काका, सौथी वधारे आ ज चोपडी फरे छे," तो म्हणाला. सगळ्यात जास्त हेच पुस्तक फिरतं. पोरं येऊन नाव विचारत नाहीत म्हणे, टाचणीवाली द्या म्हणतात. मग त्याने डिंकासकट सगळं नुकसान माझ्या डिपॉझिटमधून कापलं आणि पुस्तक मला विकत दिलं. आधीच्या चौघांकडून वसूल केलं का, हा ऑडिटचा प्रश्न मी गिळला.

घरी आल्यावर लेकीला म्हटलं, "हे आता आपलं झालं. पण काही पानं..."

"वाचली ती. पहिल्याच दिवशी. टाचणी दिसल्यावर काय करणार?" ती म्हणाली. "बोअर आहे. आठ पानं ते दोघंच. बाहेर ड्रॅगन सकाळपासून उपाशी बांधलाय, त्याचं कोणाला काही पडलेलं नाही."

मी तरीही त्या पानांना नव्या टाचण्या मारल्या, या खेपेला चांगल्या जाड, आणि पुस्तक कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर टाकलं.

परवा रात्री पाणी प्यायला उठलो तर आईच्या खोलीत दिवा. दार ढकललं. ती उशीला टेकून बसली होती, चष्मा नाकावर, मांडीवर ते पुस्तक.

"बरं झालं आलास," ती म्हणाली. "ही टाचणी काढून दे रे. माझी नखं आता चालत नाहीत."