शेवटच्या नळाचा आकडा

परवा शेजारच्या काकू सांगत होत्या, "आता पाणी किती छान येतंय बघ, मागे तो औषधाचा वास यायचा ना, तो पण गेला." अगदी मनापासून खूश होत्या आणि माझ्या पोटात मात्र गोळा आला. तो वास जंतू मारायला पाण्यात घालतात त्या क्लोरिनचा, वास गेला म्हणजे नेमकं काय गेलं हे मला दोन वर्षांपूर्वी माहीत असतं तर फार बरं झालं असतं.

दोन वर्षांपूर्वी वहिनीला सातवा महिना चालू होता. आधी नुसती मळमळ, अन्नावरची वासना उडालेली, आम्हाला वाटलं या दिवसांत होतंच असं, मग एक दिवस आई म्हणाली अरे हिचे डोळे बघ, आणि डोळे पिवळे. हिपॅटायटिस ई निघाला. ही कावीळ दूषित पाण्यातून होते, एरवी धडधाकट माणूस यातून बहुतेक वेळा आपोआप बरा होतो, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हीच कावीळ जिवावर बेतते, अशा बायकांमध्ये मृत्यूचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हा आकडा मी दवाखान्याच्या बाकड्यावर बसून मोबाईलवर वाचला आणि घरात कुणालाच सांगितला नाही. डॉक्टरांनी विचारलं पिण्याचं पाणी कुठलं, आम्ही सगळे एकदमच बोललो, नळाचं, अगदी स्वच्छ येतं.

वहिनी वाचली, बाळही सुखरूप आहे. पण ते पाणी नक्की कुठल्या दिवशीचं होतं हे शेवटपर्यंत कळलं नाही, आणि कळणारही नव्हतं, कारण हा विषाणू पोटात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत २ ते १० आठवडे जातात. तोपर्यंत जिथे कुठे पाईप फुटला असेल तो बुजवून झालेला असतो, पाणी पिऊन संपलेलं असतं, सगळे विसरलेले असतात. म्हणून माणसं आजारी पडल्यावर शोध घेऊ या पद्धतीला काही अर्थ नाही, पाणी ज्या दिवशी येतं त्याच दिवशी काहीतरी कळलं पाहिजे.

आणि कळू शकतं! हेच मला सांगायचंय. लॅबमध्ये बाटली पाठवली तर ई. कोलायचा (हा मैल्यातून पाण्यात येणारा जंतू) रिपोर्ट यायला एक-दोन दिवस जातात, तोपर्यंत अख्ख्या गावाने ते पाणी पिऊन टाकलेलं असतं. ती तपासणी हवीच, ती सोडा असं मी म्हणत नाहीये. पण एक तपासणी अशी आहे की ती दोन मिनिटांत होते, कुणालाही जमते, आणि ती म्हणजे नळाच्या पाण्यात क्लोरिन किती उरलाय ते बघणं.

क्लोरिन टाकीत घातला की त्यातला काही भाग जंतू मारण्यात आणि पाण्यातल्या घाणीत खर्च होतो, जो उरतो तो पाण्याबरोबर पाईपमधून प्रवास करत घरापर्यंत येतो. याला अवशिष्ट क्लोरिन म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने क्लोरिन घातल्यावर निदान अर्धा तास पाणी थांबलं पाहिजे, त्यानंतर लिटरला ०.५ मिलीग्रॅम उरला पाहिजे आणि घरच्या नळाला कमीत कमी ०.२. नळाला शून्य आला म्हणजे पाण्यात जंतू आहेतच असं नाही, पण वाटेत कुठे काही मिसळलं तर त्याला मारायला आता पाण्यात काहीही शिल्लक नाही, एवढं मात्र नक्की.

आणि वाटेत मिसळतंच. जिथे पाणी दिवसातून तासभर किंवा दिवसाआड सुटतं तिथे बाकीचा वेळ पाईप रिकामा पडलेला असतो. पाईप भरलेला असताना ज्या फटीतून पाणी बाहेर गळतं, त्याच फटीतून पाणी बंद झालं की बाहेरचं आत ओढलं जातं, आणि बाहेर काय असतं तर बऱ्याच ठिकाणी गटार, कारण पाईप आणि गटार एकाच चरात शेजारी शेजारी टाकलेले असतात. त्यात आपण नळाला मोटर लावतो. मोटर पाणी ओढते तशीच त्या फटीतली घाण पण ओढते, स्वतःच्या घरात आणि शेजाऱ्याच्या पण. (मोटर लावणाऱ्यांनी हे वाचून राग मानू नका, आमच्याकडे पण होती, वहिनीच्या आजारपणानंतर काढली.) पाणी आल्या आल्या पहिली काही मिनिटं प्यायला भरू नका असं जुनी माणसं सांगतात ते अगदी बरोबर आहे, रात्रभर पाईपात साचलेलं सगळं त्या पहिल्या पाण्यात येतं.

आता छोट्या गावांचं. मोठ्या शहरात निदान केमिस्ट असतो, लॅब असते. छोट्या गावात बहुतेक वेळा एकच माणूस व्हॉल्व्ह सोडतो, तोच मोटर चालू करतो, लिकेज काढतो आणि टीसीएल पावडर (क्लोरिनची ब्लीचिंग पावडर) पण तोच टाकतो, ती किती टाकायची हे त्याला कुणी धड शिकवलेलं नसतं. ताज्या पावडरीत साधारण ३३-३४ टक्के क्लोरिन असतो, पण पोतं उघडं राहिलं, दमट जागेत पडून राहिलं की तो उडून जातो, मग तेवढीच घमेली टाकली तरी काम निम्मंसुद्धा होत नाही, आणि पावडर तर टाकलीच होती असं तो छातीठोकपणे सांगतो, खोटं बोलत नसतो बिचारा. वर पावडर जरा जास्त पडली की आपणच फोन करतो, वास येतोय म्हणून. दहा फोन आले की तो कमी टाकणार. वास येत नाही म्हणून मात्र आजपर्यंत कुणी फोन केलाय का त्याला? आम्ही तर कधीच केला नव्हता.

वॉकर्टनबद्दल मी त्याच काळात वाचलं. कॅनडातल्या ऑन्टारिओमधलं जेमतेम ५,००० वस्तीचं गाव. मे २००० मध्ये जोरदार पाऊस झाला, गोठ्याचं शेणखत पाण्याबरोबर झिरपत गावाच्या एका उथळ विहिरीत उतरलं, त्यात ई. कोलायची घातक जात होती, ७ माणसं गेली आणि २,३०० च्या आसपास आजारी पडली, म्हणजे जवळजवळ अर्धं गाव. पुढे न्यायालयीन चौकशी झाली त्यात निघालं की तिथले कर्मचारी क्लोरिन रोज मोजतच नव्हते, वहीत मात्र ०.५, ०.७५ असे ठरलेले आकडे वर्षानुवर्षं लिहिले जात होते. दूषित पाण्याचा लॅब रिपोर्ट हातात आल्यावरसुद्धा आरोग्य अधिकाऱ्यांना कळवला नाही, ते चार दिवस लोक तेच पाणी पीत राहिले. पण मला सगळ्यात जास्त हादरवलं ते वेगळंच, ती माणसं स्वतः विहिरीवर तेच क्लोरिन न घातलेलं पाणी प्यायची! त्यांना खरोखर वाटायचं की आपलं पाणी चांगलंच आहे. गावाचं वाईट व्हावं असं कुणाच्याच मनात नव्हतं, नुसता विश्वास होता, आणि मोजायचा कंटाळा. छोट्या गावात हे सगळ्यात घातक असतं, कारण पाणी सोडणारा आपल्या ओळखीचा असतो, रोज रामराम होतो, त्याला आकडा विचारणं म्हणजे त्याच्यावर संशय घेतल्यासारखं वाटतं आणि म्हणून कुणीच विचारत नाही.

न्यूझीलंडमधल्या हॅवलॉक नॉर्थचं पण तसंच. १४,००० च्या आसपास वस्ती, जमिनीखालचं पाणी, क्लोरिन घालायचेच नाहीत. ऑगस्ट २०१६ मध्ये पावसाने मेंढ्यांच्या कुरणातली घाण बोअरमध्ये गेली आणि ५,००० हून जास्त लोक आजारी पडले.

या दोन्ही गावांत पाणी दिसायला कसं होतं? स्वच्छ. लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत किंवा माणसं आजारी पडेपर्यंत नुसत्या डोळ्यांनी कुणाला काही कळलं असतं का?

टीडीएस मीटरबद्दल एवढं बोलतोच, कारण प्रत्येक घरात हा वाद होतो. ते पेनासारखं मशीन पाण्यात बुडवायचं, आकडा कमी आला की पाणी शुद्ध! अहो ते फक्त पाण्यात विरघळलेले क्षार मोजतं, तेही अंदाजे. जंतू किती आहेत हे त्याला अजिबात कळत नाही. गटाराचं थोडंसं पाणी मिसळलेल्या नळाच्या पाण्याचा टीडीएस झकास येऊ शकतो आणि खाऱ्या पण निर्धोक विहिरीच्या पाण्याचा भरमसाट. ज्यांच्याकडे आरओ आहे त्यांनी पण लक्षात ठेवा, त्यातून क्लोरिन निघून जातो, त्यामुळे पुढे ते पाणी ज्या टाकीत साठतं ती घाण असली तर वाचवायला काही नाही. उकळलेलं पाणी जंतूंसाठी चांगलंच, खळखळून एक मिनिट उकळलं की पुरे, पण फ्लोराइड किंवा नायट्रेटसारखे पाण्यात विरघळलेले क्षार उकळून जात नाहीत. आणि सगळ्यांना रोज उकळायला गॅस परवडतो का हाही प्रश्न आहेच. ज्याला परवडेल त्याने घरात मशीन लावावं आणि बाकीच्यांनी नशिबावर प्यावं हे मला मान्य नाही, नळातूनच प्यायचं पाणी आलं पाहिजे, त्यासाठीच तर नळ आहे.

तर मी काय केलं ते सांगतो. क्लोरिन तपासायचं किट आणलं, डीपीडीच्या गोळ्यांचं. छोट्या काचेच्या नळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, गोळी टाकायची, बोट न लावता बरं का, झाकण लावून हलवायचं, पाणी गुलाबी होतं आणि बाजूच्या रंगांच्या पट्टीशी जुळवायचं. जितका गडद गुलाबी तितका क्लोरिन जास्त. (जुनी ओटीची पद्धत होती त्यात थेंब टाकल्यावर पिवळं व्हायचं, आता डीपीडीच वापरा असं सांगतात.) पहिल्या दिवशी आमच्या नळाच्या पाण्यात गोळी विरघळली आणि पाणी जसंच्या तसं, रंगच नाही. मला वाटलं माझंच चुकलं, दुसरी गोळी टाकली, तरी तेच.

पाणी सोडणाऱ्या दादांना बोलावलं. आधी जरा नाराज झाले, "मी रोज पावडर टाकतो साहेब." मी म्हटलं दादा तुमच्यावर शंका नाही, चला दोघं मिळून बघू. टाकीखालच्या नळावर गेलो, गोळी टाकली, मस्त गुलाबी. त्यांचा चेहरा खुलला. मग अर्ध्या वाटेवरच्या एका घरी, फिकट गुलाबी. मग आमच्या आधीच्या वळणावर, काहीच नाही. ते तिथेच उकिडवे बसले, नळी उजेडात धरून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मधे कुठेतरी खातंय." दुसऱ्या दिवशी त्या दोन घरांच्या मधल्या पट्ट्यात खणलं तर गटाराच्या बरोबर खाली जॉइंट, रबर पार कुजलेलं, वर काळा चिखल. मी इतकी वर्षं त्यावरून चालत गेलोय.

जॉइंट बदलला. तेव्हापासून दादा स्वतः किट घेऊन फिरतात आणि टाकीखाली नाही मोजत, शेवटच्या नळावर मोजतात, कारण टाकीखालचा आकडा नेहमी चांगलाच येतो. माझं एवढंच मागणं आहे की हा शेवटच्या नळाचा आकडा, तारीख आणि वेळ घालून, रोज फळ्यावर लिहिला जावा, जिथे जाता-येता सगळ्यांना दिसेल. वहीत नको, वहीत काय होतं ते वॉकर्टनने दाखवलंय. आणि पाऊस पडला, पाणी गढूळ आलं, पाईप फुटला की त्या दिवशी दोनदा मोजायचं, गढूळ पाण्यात क्लोरिन पटकन संपतो. ०.२ च्या खाली आकडा गेला की त्या दिवशी सगळ्यांना निरोप, पाणी उकळून प्या.

काकूंना मी काल हे सगळं समजावलं, त्यांच्या नळावर त्यांच्याच हातून गोळी टाकून घेतली. अगदी जेमतेम गुलाबी, ०.१ पण नसेल. त्यांनी लगेच दादांना फोन लावला, "अरे, वास का येत नाहीये?"

आज सकाळी त्यांच्याकडे ०.३ आलाय. उद्या ७ वाजता पाणी सुटल्यावर परत घेणार आहोत, किटमध्ये अजून ४० गोळ्या आहेत, ज्यांना आपल्या नळाचा बघायचाय त्यांनी खाली कमेंटमध्ये सांगा, मी आणि दादा येतो.