पुण्यात पोलीस वाढवायचे, पण कुठे आणि किती वाजता?

कोयते नाचवत कुणी गाड्या फोडल्या की दुसऱ्या दिवशी पुण्यात मागणी ठरलेली असते: पोलीस वाढवा, आमच्या भागात चौकी द्या. २०२४ मध्ये बाणेर, खराडी, वाघोली, फुरसुंगी, आंबेगाव, नांदेड सिटी आणि काळेपडळ अशी सात नवी पोलीस ठाणी शहराला मिळाली, तरी ती थांबलेली नाही. मागणी रास्तच आहे. पण मी राहतो त्या अमेरिकेतल्या फिलाडेल्फियासारख्या शहरातून पाहिलं की तिच्यातली उणीव स्पष्ट दिसते. तिच्यात जागा नसते आणि वेळ नसते.

२००९ च्या उन्हाळ्यात इथल्या पोलिसांनी टेम्पल विद्यापीठातल्या अभ्यासकांबरोबर एक प्रयोग केला. मारामाऱ्या, लूटमार, गोळीबार जिथे सर्वाधिक, असे १२० छोटे टापू नकाशावर आखले आणि त्यातले ६० चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडले. एकेक टापू जेमतेम पंधराएक चौकांचा. अकादमीतून नुकतेच बाहेर पडलेले पोलीस तिथे जोडीने पायी फिरू लागले; एक जोडी सकाळी दहापासून, दुसरी संध्याकाळी सहा ते रात्री दोन, मंगळवार ते शनिवार. तीन महिन्यांत, गस्त नसलेल्या टापूंच्या तुलनेत हिंसक गुन्हे २३ टक्क्यांनी घटले. काही गुन्हे शेजारच्या गल्ल्यांत सरकले, ते वजा करूनही फायदा उरला. मात्र गस्त उठल्यावर तो टिकला नाही. जिथे गस्त जास्त आठवडे चालली तिथे पोलीस आखलेली हद्द सोडून भटकू लागले, हेही नोंदलं गेलं.

याउलट १९७२-७३ मध्ये अमेरिकेतल्याच कॅन्सस सिटीत काही भागांत गस्तीच्या गाड्या दुप्पट-तिप्पट केल्या आणि काही भागांत नेहमीची गस्त बंदच केली. गुन्ह्यांत फरक पडला नाही, लोकांच्या भीतीतही नाही. नुसती फिरणारी गाडी कुणाला अडवत नाही. मिनियापोलिसमधल्या निरीक्षणांनुसार एका ठिकाणी दहा-पंधरा मिनिटं थांबून पुढे जाण्याचा परिणाम सर्वांत जास्त टिकतो. गस्तीची नोंद म्हणून क्यूआर कोड स्कॅन करून लगेच निघून गेलेल्या बीट मार्शलचा, म्हणजे दुचाकीवरच्या गस्ती पोलिसाचा, उपयोग म्हणूनच थोडा.

आता चौकीचा हिशोब. दोन शिपाई चोवीस तास बसवायचे तर आठवड्याला ३३६ तासांची ड्युटी. आठ तासांची पाळी आणि साप्ताहिक सुट्टी दिली तर सात माणसं. रजा, आजारपण, कोर्टाच्या तारखा धरल्या की नऊ. तेवढी नसतात, मग पाळी बारा तासांची होते. आठ तासांची ड्युटी अशक्य नाही, मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात २०१६ मध्ये ती सुरू झाली होती. त्यात गणपती, निवडणूक, मंत्र्यांचा दौरा आला की पहिली माणसं उचलली जातात ती चौकीतली. कुलूप लावलेल्या चौकीने गल्ली सुरक्षित होत नाही.

आणि गस्तीची किंमत कोण मोजतं, हेही बोललं पाहिजे. फिलाडेल्फियाच्या त्याच टापूंत पादचाऱ्यांना अडवून तपासण्याचं प्रमाण ६४ टक्क्यांनी वाढलं. शहरभरातल्या अशा झडत्यांवर २०१० मध्ये खटला झाला, कारण अडवले जाणारे प्रामुख्याने कृष्णवर्णीय आणि लॅटिनो होते. २०११ च्या तडजोडीनंतर प्रत्येक अडवणुकीच्या नोंदी न्यायालयाच्या देखरेखीखाली तपासल्या जाऊ लागल्या. आपल्याकडे कोम्बिंग ऑपरेशनमध्ये वस्तीतल्या पोरांना उचलतात, तेव्हा कुणाला, का, किती वेळ, हे लिहिलेलं कुठे पाहायला मिळतं? ज्या वस्तीचा पोलिसांवर विश्वास नाही, तिथून ११२ ला फोन जात नाही.

फिलाडेल्फियात २०२१ मध्ये ५६२ खून झाले, २०२४ मध्ये २६९. आणि या काळात पोलीस दलात हजारावर जागा रिकाम्या होत्या. पोलीस नकोत असा याचा अर्थ नाही. आकडा एकट्या मनुष्यबळावर हलत नाही, एवढाच.

मोहल्ला कमिटीच्या पुढच्या बैठकीत म्हणून चौकीआधी हे मागा: गेल्या तीन महिन्यांतले गुन्हे, चौकवार आणि तासवार. त्यातले सर्वांत वाईट तीन चौक, त्यांच्या वाईट वेळा, तिथे पायी फिरणाऱ्या शिपायांची नावं, आणि महिन्यातून किती दिवस त्यांना बंदोबस्ताला नेलं याचा हिशोब.