माघार एकट्या ख्रुश्चेव्हची नव्हती

सोव्हिएत संघाने क्युबात अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रं ठेवल्यावर १९६२ मध्ये अमेरिकेशी जो पेच उभा राहिला, त्यावरचा तुमचा लेख चांगला आहे, पण 'अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींनी डोळे वटारले आणि सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हने क्युबातून क्षेपणास्त्रं हलवली' हे अर्धंच सत्य झालं. तुर्कस्तानात सोव्हिएत संघावर रोखलेल्या अमेरिकेच्या ज्युपिटर या अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रांचा उल्लेखच नाही! २७ ऑक्टोबर १९६२ च्या रात्री अध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडींनी सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांना गुपचूप सांगितलं होतं की तीही काढू, फक्त बोभाटा नको. १९६३ च्या एप्रिलपर्यंत ती निघालीसुद्धा. सौदा होता हो सरळ, फक्त एका बाजूची पावती लपवलेली.

त्याच दिवशी क्युबावर अमेरिकेचं यू-२ हेरविमान पाडलं गेलं, वैमानिक ठार झाला. आणि समुद्राखाली बी-५९ ही सोव्हिएत पाणबुडी. बॅटऱ्या उतरलेल्या, आत भट्टीसारखा उकाडा, मॉस्कोशी संपर्क नाही. वरून अमेरिकन नौदल इशाऱ्याचे स्फोट करतंय; आतल्यांना वाटलं, युद्धच सुरू झालं. पाणबुडीवर अणुटॉर्पेडो होता, हे वरच्यांच्या गावीही नव्हतं. कॅप्टन भडकला होता, त्याला शांत केलं पाणबुडीवरचेच अधिकारी वासिली आर्खिपोव्ह यांनी, आणि पाणबुडी वर आली. एवढ्या मोठ्या लेखात या माणसाला एक ओळ मिळू नये?

जाता जाता : २० ऑक्टोबरला चीनने आपल्यावर हल्ला केला तो याच धामधुमीत. भारताचा मित्र म्हणवणारा मॉस्को त्या आठवड्यात चीनच्या बाजूला का झुकला, हे क्युबाकडे पाहिल्यावरच कळतं : त्या पेचात त्याला चीनची साथ हवी होती. त्यावर स्वतंत्र लेख लिहाच.