जुन्या मॅजिकबँडविषयी फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

‘डिस्नेचे जुने हातपट्टे घरात असतील तर सावधान’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मराठी संदेश सध्या व्हॉट्सअॅपवर फिरतो आहे. त्यातील दावे थोडक्यात असे आहेत: अमेरिकेत फ्लोरिडातील ऑर्लँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्ड या मनोरंजन उद्यानाचा मॅजिकबँड, म्हणजे आत प्रवेश करायला, हॉटेलची खोली उघडायला आणि पैसे भरायला वापरायचा मनगटी पट्टा, दोन वर्षांनी निकामी होतो आणि पुढच्या सहलीला नवा विकत घ्यावाच लागतो, तो पुन्हा चालू करायचा असेल तर ब्लेडने कापून आतला सेल बदलावा, त्यात आपले बँक खाते आणि पासपोर्ट साठवलेला असतो, म्हणून वापरायचा नसेल तर जाळून टाकावा, तो घरी बसूनही आपला माग काढतो, त्याच्या किरणांनी शरीराला अपाय होतो, आणि या सगळ्यानंतर, जुना बँड दाखवला की तिकिटाशिवाय आत सोडतात.

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावी हा संदेश माझ्या काकूंपर्यंत पोहोचला. त्यांचा मुलगा अटलांटाला असतो. २०१८ मध्ये काका-काकू मुलगा-सुनेबरोबर ऑर्लँडोला गेले होते, तेव्हाचे चार बँड त्यांनी लोखंडी कपाटात जपून ठेवले आहेत आणि यंदा दिवाळीनंतर पुन्हा जाण्याचे ठरले आहे. “बाप्पा, हे पट्टे चुलीत टाकू का?” असा त्यांचा फोन आला, तेव्हा घरात दोन वर्षांचा नातू खेळत होता आणि ब्लेड टेबलावर काढून ठेवलेले होते. त्यामुळे हे उत्तर सौम्य भाषेत लिहिणे मला जमणार नाही.

प्रथम सेलविषयी. मॅजिकबँड २०१३ मध्ये आला. त्याच्या आत दोन वेगवेगळ्या व्यवस्था आहेत आणि संदेश लिहिणाऱ्याने त्या दोन्हींची सरमिसळ केली आहे. पहिली व्यवस्था जवळून स्पर्श करण्याची आहे. उद्यानाच्या दारावर मिकीच्या डोक्याचे चित्र असलेले एक गोल यंत्र असते. त्याला बँड टेकवला की ते हिरवे उजळते. हॉटेलच्या खोलीचे कुलूप आणि दुकानातील पैसे भरण्याचे यंत्रही याच पद्धतीने चालते. ते यंत्र स्वतःभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण करते, बँड जवळ नेताच त्यातील बारीक तारेच्या वेटोळ्यात क्षणभरापुरती वीज तयार होते आणि तेवढ्या विजेवर आतली चिप आपला क्रमांक सांगते. यासाठी बँडमधला सेल लागतच नाही. टॅप करून पैसे भरायची बँकेची कार्डे याच १३.५६ मेगाहर्ट्झ वारंवारितेवर चालतात आणि त्यांत सेल नसतो.

दुसरी व्यवस्था २.४ गिगाहर्ट्झवर दूरवरून ओळखण्याची आहे आणि सेल आहे तो तिच्यासाठी. तो संपला की राइडवर आपोआप काढलेले काही फोटो आणि चित्रफिती आपल्या खात्याला जोडल्या जाण्याची सोय बंद पडू शकते. म्हणजे सेल काही वर्षांत संपतो एवढे संदेशातले विधान खरे आहे, ते मी मान्य करतो. परंतु त्यावरून बँड निकामी झाला असा निष्कर्ष काढणे साफ चूक आहे. डिस्नेच्या स्वतःच्या माहितीपानावरच म्हटले आहे की सेल संपल्यावरही स्पर्शाने होणारी कामे चालू राहतात. २०२२ मध्ये आलेला मॅजिकबँड प्लस चार्ज करता येतो. चार्ज संपला की त्याचे दिवे आणि कंप थांबतात, दार मात्र उघडते.

नवा घ्यावाच लागतो हेही खोटे आहे. डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना २०२० अखेरपर्यंत साधे बँड मोफत मिळत. २०२१ पासून ते बंद झाले. परंतु बँड हा सक्तीचा कधीच नव्हता, कार्डावर किंवा फोनवरही प्रवेश मिळतो. मॅजिकबँड प्लस बाजारात आला तेव्हा त्याची किंमत साधारण ३५ डॉलरपासून होती. चौघांचे १४० डॉलर झाले, आणि २०२५-२६ च्या हमीभावाने ही सुमारे दीड क्विंटल कापसाची रक्कम आहे. ती कोणाच्या तरी खोट्या संदेशापायी का घालवायची?

आता ज्या मुद्द्यासाठी मी हे लिहायला बसलो तो. ब्लेडने बँड कापून सेल बदलण्याचा सल्ला केवळ चुकीचा नाही, तो एखाद्या लेकराच्या जिवावर बेतू शकतो. बँडमधला सेल बदलण्यासाठी बनवलेलाच नाही. तो आत बंदिस्त आहे. हा सल्ला कुठून आला असावा याचा अंदाज करता येतो. २०१६ च्या सुमारास आलेल्या मॅजिकबँड २ ची मधली चकती, जिच्यात चिप आणि सेल असतो, बारीक स्क्रू काढून दुसऱ्या पट्ट्यात बसवता येते, आणि त्याचेच पुढे ‘उघडून सेल बदला’ असे झाले असावे. चकती एका पट्ट्यातून दुसऱ्यात नेणे आणि चकतीच फोडणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

फोडलेल्या चकतीतून निघालेला चपटा बटण-सेल जमिनीवर पडला आणि रांगत्या-चालत्या मुलाने तोंडात घातला तर काय होते, हे प्रत्येक घराला ठाऊक असायला हवे. असा सेल अन्ननलिकेत अडकला की ओलसर ऊतीतून वीज वाहू लागते, सेलच्या ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होते आणि अवघ्या दोन तासांत अन्ननलिका खोलवर भाजू शकते. ‘संपलेला’ सेलही सुरक्षित नसतो. बँड चालवण्याइतकी ताकद त्यात उरली नसली तरी ऊती जाळण्याइतकी उरलेली असू शकते. आर्वीहून नागपूर गाठायचे तर दोन तास सहज जातात. म्हणून मुलाने सेल गिळल्याचा नुसता संशय आला तरी वाट न पाहता एक्स-रे आणि दुर्बिणीने सेल काढण्याची सोय असलेल्या रुग्णालयाकडे निघावे. उलटी करवू नये. अमेरिकेतील नॅशनल कॅपिटल पॉयझन सेंटरच्या मार्गदर्शनानुसार मूल एक वर्षाहून मोठे असेल, गिळता येत असेल आणि सेल गिळून बारा तास झाले नसतील तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चहाचे चमचे मध, जास्तीत जास्त सहा वेळा, देता येतो. परंतु मध शोधत घरी थांबायचे नाही.

चुलीत टाकण्याचा सल्लाही तितकाच वाईट आहे. विस्तवात सेल फुटून उडू शकतो आणि पट्टा जळताना निघणारा धूर स्वयंपाकघरात बसलेल्या बाईच्याच छातीत जातो. बँड नकोच असेल तर तो अखंड ठेवून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावा.

बँक आणि पासपोर्टचा दावा वाचून काकू सर्वांत जास्त घाबरल्या होत्या. जनावरांच्या कानात सरकारी पिवळा बिल्ला मारतात, त्यावर बारा अंकी क्रमांक असतो. गाय कोणाची, लसीकरण केव्हा झाले ही माहिती बिल्ल्यात नसते, ती नोंदणीत असते. बँडचेही तसेच आहे. डिस्नेच्या त्याच माहितीपानानुसार बँडमध्ये वैयक्तिक माहिती साठवलेली नसते. असतो तो एक स्वैर संकेतांक, जो त्यांच्या सांकेतिक पद्धतीने सुरक्षित ठेवलेल्या नोंदींशी जोडलेला असतो. पैसे खर्च करण्याची सोय हॉटेलातील मुक्कामाला बांधलेली असते, ती मुक्कामाबरोबर संपते, आणि खरेदी करताना पिनही द्यावा लागतो. कपाटातल्या बँडमधून काकूंच्या खात्यातला एक रुपयाही कोणी काढू शकत नाही.

माग काढण्याच्या दाव्यात मात्र अर्धे सत्य आहे, ते नाकारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. उद्यानाच्या आवारात दूरवरून बँड ओळखणारी यंत्रे आहेत आणि त्यातून कंपनीला माहिती मिळते. जानेवारी २०१३ मध्ये, तेव्हा अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचे सदस्य असलेले एड मार्की यांनी याच प्रश्नावर, विशेषतः मुलांच्या माहितीविषयी, डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांना पत्र लिहिले होते आणि आयगर यांनी त्याला कडक शब्दांत उत्तर दिले होते. तो प्रश्न रास्त होता. पण बँडमध्ये जीपीएस नाही. आर्वीतल्या कपाटात पडलेला बँड ऐकायला तिथे कोणतेही यंत्र नाही आणि २०१८ मधला सेल बहुधा केव्हाच संपला आहे.

किरणांविषयी एवढेच, की सेल संपलेला बँड यंत्राजवळ नेईपर्यंत काहीच सोडत नाही. फुकट प्रवेशाचा दावा तर इतर सर्व दाव्यांना खोडून काढतो: बँड निकामीही होतो आणि फुकट आतही सोडतो, हे एकाच वेळी कसे? तिकीट बँडमध्ये नसते, ते खात्याला जोडलेले असते. तीन वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला ते घ्यावे लागते.

ज्यांना जुने बँड न्यायचे आहेत त्यांनी डिस्नेच्या माय डिस्ने एक्सपिरियन्स या अॅपमध्ये आपल्या नावापुढे तो बँड चालू स्थितीत दिसतो का ते निघण्यापूर्वी पाहावे. हरवलेला असेल तर तिथेच बंद करावा. ज्या मुलांच्या पट्ट्याची बाहेरची कडा लहान मनगटासाठी फाडून काढली होती, त्यांना तो आता घट्ट होईल, कारण ती कडा पुन्हा जोडता येत नाही. काकूंच्या चार बँडपैकी सुनेच्या पट्ट्याची कडा तशी काढलेली आहे. तिचे मनगट बारीकच असल्याने तिला तो अजूनही चालेल.