केबल ब्रेक ‘खपवले’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर, रिव्ह्यू पूर्ण वाचला. तुमचं म्हणणं असं की सायकलला हायड्रॉलिक डिस्क ब्रेक (लिव्हर दाबला की नळीतल्या ऑइलच्या दाबाने लागणारे) मागितले तरी आम्ही केबलवालेच (वायर ओढून लागणारे) लावून जुना माल खपवला, आणि आता लिव्हर पार हँडलला टेकतंय. लिव्हर टेकणं ही साधी गोष्ट नाही, त्यामुळे आधी त्याचंच बोलतो.

नवीन ब्रेकची वायर आणि आऊटर (वायरवरचं कव्हर) सुरुवातीच्या वापरात बसतात, थोडी ढील येतेच. लिव्हरजवळची गोल नॉब बाहेरच्या बाजूला फिरवली की वायर ताणली जाते, मग मागची लॉक रिंग घट्ट करायची. पण पॅड (चाकाच्या डिस्कला दोन्ही बाजूंनी घासून चाक थांबवणारे तुकडे) झिजले असतील तर नुसती वायर ताणत बसू नका, कारण मग कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा) हात अर्ध्यातूनच फिरायला लागतो आणि लिव्हर कडक वाटलं तरी पकड कमी मिळते. तुमच्या मॉडेलमध्ये एकच पॅड हलतो, आतला जागेवर असतो, तो ॲलन कीने (षटकोनी पान्याने) डिस्ककडे सरकवावा लागतो, आणि बरेच जण नेमकं हेच विसरतात.

हायड्रॉलिक चांगले नाहीत असं आम्ही कधीच म्हणणार नाही. एका बोटात ब्रेक लागतो, पॅड झिजले तरी पॅड ढकलणारे पिस्टन आपोआप पुढे येतात, लांब उतारावर हात दुखत नाही. पण तुम्हीच सांगितलं होतं की सामान लादून अनेक दिवसांच्या टूरला जाता आणि जाता-येता चाकं काढून सायकल गाडीत टाकता. आता चाक काढलेलं असताना चुकून लिव्हर दाबला गेला की हायड्रॉलिकचे पिस्टन बाहेर येतात, मग चाक परत बसवताना डिस्क आत जात नाही. लाइनमध्ये हवा गेली तर ब्लीड किट (हवा काढायचं सामान) हवं आणि ऑइलही त्याच ब्रेकचं हवं, मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये डॉट फ्लुइड (दुसऱ्या प्रकारचं ब्रेक ऑइल) घातलं तर सील फुगून खराब होतात. हे सगळं वाटेत कुठे करणार? वायर तुटली तर एक जादा वायर बॅगेत मावते आणि दोन पान्यांत काम होतं. म्हणून केबल सुचवले आणि आजही त्याच वापराला तेच सुचवू.

पण आता तुमचं चालवणं बदललं असेल, म्हणजे सामान न घेता घाटात जास्त जात असाल तर बिनधास्त हायड्रॉलिक घ्या. फक्त लिव्हरही बदलावे लागतील, केबलचे लिव्हर त्याला चालत नाहीत.

तोपर्यंत प्लीज असा ब्रेक घेऊन उतारावर जाऊ नका. सायकल घेऊन या, पॅड किती उरलेत ते तुमच्यासमोरच काढून बघू आणि आतला पॅड कसा सरकवायचा ते तुमच्याच हातून करून घेऊ.