बॉयलर आमचा, गिऱ्हाईक शेजारी

"तुमच्याकडे थंडीच नाही, तुम्हाला यातलं काय कळणार?" हीटिंगच्या दुकानदारानं हे मला ऐकवलं, तेही आजोबांकडे बघत. आजोबा आमचे कुणी नाहीत. शेजारी आहेत.

बव्हेरियातलं जुनं शेतघर, घर गरम करणारा तेलाचा बॉयलर शेवटच्या घटका मोजतोय, म्हणून लाकडाचा गॅसिफायर, म्हणजे लाकडातून सुटणारा वायू जाळणारा बॉयलर, बघायला निघालो. आजोबा न विचारता पुढच्या सीटवर बसले. गुडघे दुखतात. नवरा मागे.

मी विचारलं, "पाण्याची टाकी एवढी मोठी कशाला?" उत्तर आजोबांना मिळालं: कायदाच आहे, लाकूड भरायच्या कोठीच्या लिटरमागे 12 लिटर, आणि बॉयलरच्या ताकदीच्या दर किलोवॅटमागे किमान 55 लिटर. कोठी 150 लिटरची, म्हणजे टाकी 1800 लिटरची. "तळघराचं दार 80 सेंटिमीटरच आहे," मी म्हटलं. आजोबांनी मान डोलावली. दुकानदाराकडे बघून.

मग आजोबांनी कोटाच्या खिशातून बीचच्या दोन ढलप्या काढल्या आणि दुकानदाराच्या कानाशी एकमेकींवर आपटल्या. टण्ण! "ऐकलंत? दोन उन्हाळे वाळवलंय." दुकानदारानं ओलावा मोजायचं यंत्र आणून सुया टोचल्या. 17 टक्के! दोघांचे डोळे पाणावले. 25च्या आत लागतो, नाहीतर लाकडाची बरीच ताकद पाणी उडवण्यातच जाते आणि धुराड्यात डांबर साचतं. यावर दोघं इतका वेळ बोलले, की नवरा नमुन्याच्या बॉयलरला टेकून पेंगला. गॅसिफायरमध्ये पंखा लाकडातून सुटलेला वायू खाली सिरॅमिकच्या फटीतून ओढतो आणि तो तिथे हजार अंशांवर जळतो, हे मी घरून वाचून गेले होते. कुणी विचारलंच नाही.

थंडी नाही म्हणे! डिसेंबरात साताऱ्याला पहाटे उठून बघा. आजीच्या मोरीत तांब्याचा बंब होता. तो पेटवायचं काम माझं, चिंचेनं घासायचंही माझंच. भावाचं काम फक्त आंघोळ. चिपाडं ओली निघाली की धूर माझ्याच डोळ्यांत जायचा, आणि वर "पाणी कोमट आहे" ही तक्रार. विस्तवातलं मला कळत नाही, हे त्यातल्या एकाही आंघोळ करणाऱ्यानं म्हटलं नव्हतं.

आज कोटेशन आलं. पत्ता आमचा, नाव आजोबांचं. बॉयलर, टाकी, धुराड्याची दुरुस्ती, सगळं ओळीनं लिहिलंय. दाराचा उल्लेख नाही. आजोबांनी फोन करून भाव पाडूनही घेतलाय. आता टाकी कुठल्या भिंतीतून आत घ्यायची, ते नवरा त्यांनाच विचारायला गेलाय.