कोरल गेलं म्हणजे कीडच? एका फिरत्या सल्ल्याचा मुद्देसूद प्रतिवाद

रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यातली कोरलची (प्रवाळाची) टाकी, ठेवणाऱ्यांमध्ये एक सल्ला हातोहात फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: कोरल पांढरं पडायला लागलं की टाकीत कीड शिरली असं समजा. खडकात ब्रिसल वर्म (अंगावर ताठ केस असलेला कृमी) दिसला तर तोच गुन्हेगार. सगळी कोरल काढून एकदा आयोडीनमध्ये बुडवा, टाकीत जंताचं औषध सोडा, निम्मं पाणी बदला, नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आणा, आणि एवढ्यानं भागलं नाही तर खडक उकळून घ्या.

यातले बहुतेक उपाय कुठल्या ना कुठल्या दुखण्यावर कधीतरी लागू पडलेले असतात, म्हणून सल्ला खरा वाटतो. पण दुखणं न ओळखता हे सगळं एका दिवसात केलं, तर जी कोरल सहज वाचली असती तीही हातची जातात.

कायद्याचं आधी सांगायला हवं. भारतात सगळी दगडी कोरल २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. मालवणच्या किंवा लक्षद्वीपच्या समुद्रातून तुकडा उचलून टाकीत ठेवणं हा छंद नाही, गुन्हा आहे. त्यामुळे खाली अ‍ॅक्रोपोरा, मोंटिपोरा या दगडी कोरलबद्दल जे येतं ते परदेशात टाकीतच वाढवलेले फ्रॅग (कोरलचे तोडून लावलेले तुकडे) पाळणाऱ्या मराठी मंडळींसाठी. पाण्याबद्दलचं आणि झोअँथिडबद्दलचं (हे दगडी सांगाडा नसलेले कोरलचे नातलग) मात्र सगळ्यांनाच लागू आहे.

“पांढरं पडलं म्हणजे कीड लागली”

पांढरं पडण्याचे दोन अगदी निराळे प्रकार आहेत. एकात मांस जागेवर असतं, फक्त त्यात वसलेलं, त्याला रंग देणारं सूक्ष्म शेवाळ निघून गेलेलं असतं. नीट पाहिलं तर काचेसारखा पारदर्शक थर आणि बाहेर आलेले पॉलिप (कोरलची फुलासारखी तोंडं) दिसतात. हे ब्लीचिंग. कारण बहुधा उजेड किंवा तापमान: नवा एलईडी पहिल्याच दिवशी पूर्ण जोरावर लावला, किंवा मे महिन्यात बंद फ्लॅटमध्ये पाणी दुपारी ३० अंशांच्या वर गेलं. असं कोरल अजून जिवंत असतं. त्याला उजेड कमी करून, अन्न देऊन, हात न लावता ठेवायचं. त्याला आयोडीनमध्ये बुडवणं म्हणजे आजाऱ्याला आणखी चटका देणं.

दुसऱ्या प्रकारात मांसच गळून जातं आणि खाली उघडा सांगाडा राहतो. मग प्रश्न येतो तो कुठून गळालं याचा. निदान बव्हंशी याच प्रश्नावर ठरतं.

फक्त टोकं जळाली असतील आणि बूड ठीक असेल, तर केएच (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) चढा आणि नायट्रेट-फॉस्फेट जवळजवळ शून्य, ही जोडी तपासा. बुडापासून सरळ रेषेत हळूहळू वर चढत असेल तर केएच वरखाली होतोय का, बुडाशी प्रवाह पोचतो का, सावली पडते का हे बघा. अ‍ॅक्रोपोरावर चपटकृमीची शंकाही इथेच घ्यायची. एकाच बाजूनं गेलं असेल तर त्या बाजूला शेजारी कोण बसलंय ते पाहा. गॅलेक्सिया या कोरलचे डंख मारणारे लांब तंतू रात्री पंधरा-वीस सेंटीमीटर दूरच्या कोरललाही भाजतात. युफायलिया या डोक्याडोक्यांनी वाढणाऱ्या मांसल कोरलवर तपकिरी चिकट जेली साचली असेल तर तो ब्राउन जेली रोग: पंप बंद करा, जेली सिरिंजनं ओढून बाहेर टाका आणि ते डोकं टाकीतून हलवा, कारण ती जेली वाहत जाऊन शेजारच्या डोक्यांवर बसते. आणि अख्खी वसाहत रात्रीतून सोलल्यासारखी झाली असेल तर कारण शोधण्याइतका वेळ नसतो. मांस जिथे संपतं त्या रेषेच्या दोन सेंटीमीटर वर, निरोगी भागातून कापा, तुकडा वेगळ्या जागी चिकटवा, आणि मग पाणी तपासायला बसा.

कीडवाद्यांना विचारायचा सगळ्यात साधा प्रश्न असा: टाकीत किती जातींची कोरल एकदम बिघडली? कोरल खाणारी कीड भलतीच चोखंदळ असते. अ‍ॅक्रोपोराचा चपटकृमी अ‍ॅक्रोपोरा सोडून दुसरीकडे वळत नाही. लाल ठिपक्याचे रेड बग नावाचे सूक्ष्म किडेही त्याच वंशावर. मोंटिपोरा खाणारा पांढरा न्यूडिब्रँक (कवच नसलेली समुद्री गोगलगाय) मोंटिपोराच खातो, झोअँथिड खाणारा झोअँथिडच. अ‍ॅक्रोपोरा, मोंटिपोरा आणि युफायलिया तिन्ही एकाच आठवड्यात मागे सरकायला लागले, तर अशा तीन किडी एकदम आल्याची शक्यता फारच थोडी. गडबड पाण्यात आहे.

पाणी तपासतानाही आधी मोजमापाची साधनं तपासा. रिफ्रॅक्टोमीटर (पाण्याचा खारटपणा मोजायचं साधन) नुसत्या आरओ पाण्यावर शून्य करून घेतला तर ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) आसपास तो दोन-तीन अंकांनी चुकू शकतो. ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणावर लावून घ्या. थर्मामीटर दुसरा वापरून पडताळा. केएच सलग तीन दिवस, दिवसातून दोनदा, त्याच त्या वेळी मोजा. एकाच आकड्यावरून वरखाली होणं कळत नाही, आणि कोरलला मारतं ते बहुतेक वेळा वरखाली होणंच. कायम ७.५ असलेला केएच चालतो, कायम ९ असलेलाही चालतो. सोमवारी ७ आणि गुरुवारी १० हे चालत नाही. डोसिंग पंपाची (टाकीत थोडं थोडं द्रावण सोडणाऱ्या पंपाची) नळी झिजली, केएच टिकवणाऱ्या कॅल्शियम रिअ‍ॅक्टरचा कार्बन डायऑक्साइड संपला, डब्यातलं द्रावण तळाला गेलं, ही नेहमीची कारणं. यातलं काही सापडलं नाही तर पंप आणि काच घासायचे चुंबक बाहेर काढून बघा. प्लास्टिकला चीर जाऊन आतलं चुंबक गंजलं असेल तर धातू पाण्यात उतरतात आणि घरगुती किटवर ते दिसत नाहीत. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत आयसीपी या धातू मोजणाऱ्या चाचणीला पाठवावा लागतो.

“ब्रिसल वर्म कोरल खातो”

खडकात सापडणारे जवळजवळ सगळे ब्रिसल वर्म सफाई कामगार आहेत. मेलेल्या मांसावर ते जमतात, म्हणून रात्री टॉर्च मारल्यावर मरत्या कोरलवर दिसतात आणि आळ त्यांच्यावर येतो. ते फार वाढले असतील तर तुम्ही फार खायला घालताय एवढाच त्याचा अर्थ. खरोखर कोरल खाणारा फायर वर्म, हर्मोडायसी, वेगळा: जाडजूड, डोक्यावर लाल-नारिंगी झालरीसारखा उंचवटा असलेला. तो दिसला तर चिमट्यानं काढा, उघड्या हातानं नको. बाकीच्यांना राहू द्या.

“एकदा डिप केलं (औषधी द्रावणात बुडवलं) की कीड संपली”

कीड खरंच आहे असं धरून चालू. अ‍ॅक्रोपोराचा चपटकृमी, शास्त्रीय नावानं प्रोस्थिओस्टोमम अ‍ॅक्रोपोरी, घ्या. तो पारदर्शक असतो आणि खाल्लेल्या कोरलचाच रंग अंगात घेतो, त्यामुळे फांदीवर बसलेला डोळ्यांना दिसत नाही. दिसतात त्या त्याच्या खुणा: सुमारे मिलिमीटरभराचे गोल फिकट ठिपके, बहुधा फांदीच्या सावलीतल्या बाजूला आणि बुडाकडे. अंडी तो जिवंत मांसावर घालत नाही. मांस संपतं तिथल्या उघड्या सांगाड्यावर सोनेरी-तपकिरी ठिपक्यांचे पुंजके असतात. दहा पट भिंग आणि पांढरा उजेड घ्या. निळ्या एलईडीखाली हे सगळं हरवतं.

आता डिपचं. आयोडीन असो की बाजारातलं तयार द्रावण, ते हलत्या किड्यावर चालतं. अंड्याचं कवच ते भेदत नाही. २७ अंशांच्या आसपास ही अंडी फुटायला साधारण दीड-दोन आठवडे लागतात, पाणी थंड असेल तर आणखी. म्हणजे रविवारी एकदा डिप केलं, किडे पडले, सगळे खूश झाले, आणि पंधरवड्यानं पुढची पिढी तयार. ‘डिपचा उपयोग झाला नाही’ असं म्हणणाऱ्यांचं नेमकं इथेच चुकलेलं असतं.

नीट करायचं तर असं. टाकीच्याच पाण्याचे तीन डबे घ्या, प्रत्येकी चार-पाच लिटर, तापमान टाकीइतकं. पहिल्यात डिप, बाटलीवरच्या मापानं, दहा ते पंधरा मिनिटं. त्या वेळात दर मिनिटाला मोठ्या पिपेटनं फांद्यांवर आणि बुडावर जोरात फवारा मारत राहा. किडे चिकटून बसलेले असतात, नुसत्या बुडवण्यानं सगळे सुटत नाहीत. डबा पांढरा असेल तर तळाला पडलेले मोजता येतात. मग उरलेल्या दोन डब्यांत लागोपाठ खळबळून घ्या. फ्रॅग ज्यावर चिकटवलेला असतो तो प्लग कापून टाका, उघड्या सांगाड्यावरची अंडी खरवडा, खरवडता येत नसतील तिथे सायनोअ‍ॅक्रिलेट जेलचा (सुपरग्लूचा) थर द्या. दर पाच-सात दिवसांनी हे पुन्हा, सलग सहा आठवडे. एवढे दिवस हे तुकडे वेगळ्या टाकीत राहायला हवेत, नाहीतर डिप केलेलं कोरल परत किड्यांच्याच घरात जातं. मोठ्या टाकीत पिवळा कोरिस किंवा सिक्सलाइन रास हे मासे काही किडे टिपतात, पण निकाल लावत नाहीत.

मोंटिपोराच्या न्यूडिब्रँकला हाच क्रम लागू. फक्त तो पानासारख्या पसरलेल्या मोंटिपोराच्या खालच्या बाजूला असतो, म्हणून पान उलटून पाहा.

बेटाडीनबद्दल एक ताकीद. औषधाच्या दुकानात पोव्हिडोन-आयोडीनच्या दोन सारख्या दिसणाऱ्या बाटल्या मिळतात. त्यातल्या सर्जिकल स्क्रबमध्ये साबण असतो. त्यात बुडवलेलं कोरल परत येत नाही. आणि गोड्या पाण्यात अ‍ॅक्रोपोरा बुडवायचा सल्ला मिळाला तर तो साफ नाकारा; खारटपणा एकदम उतरल्याचा तो धक्का त्याला सोसत नाही.

“टाकीतच जंताचं औषध सोडा”

रेड बगवर कुत्र्यांच्या हार्टवर्मचं मिल्बेमायसिन चालतं, हे खरं. पण रेड बग हा कोपेपॉड, म्हणजे कोळंबीचा सूक्ष्म नातलग आहे. त्याला मारणारं औषध टाकीतले बाकीचे कोपेपॉड, कोळंबी आणि खेकडेही मारतं. फेनबेंडाझोल हे जंताचं औषध त्याहून वाईट: ते खडकात मुरतं, झेनिया आणि ग्रीन स्टार पॉलिप ही मऊ कोरल जाळतं, आणि त्यानंतर कित्येक महिने नवीन सोडलेल्या गोगलगायी मरत राहतात. लाल प्लॅनेरिया हा बारीक चपटकृमी तर कोरल खातही नाही, नुसता झाकून सावली करतो. पण हजारोंनी एकदम मेला की त्याच्या अंगातलं विष पाण्यात उतरतं. त्याच्यावर औषध घालायचंच असेल तर आधी दोन-तीन दिवस पातळ नळीनं जेवढे निघतील तेवढे शोषून काढा, विष शोषायला ताजा कार्बन हाताशी ठेवा, आणि मगच बाटली उघडा.

“निम्मं पाणी बदला, नायट्रेट-फॉस्फेट शून्य करा”

हिशेब करून पाहू. टाकीचा केएच ७.५, नव्या मिठाचा १२. निम्मं पाणी बदललं की केएच ९.७५, अर्ध्या तासात सव्वादोनची उडी. एका दिवसात १ च्या वर जाऊ नये, आजारी टाकीत तर अर्ध्याच्याही. तेच १५ टक्के बदललं तर ८.१७ च्या आसपास. विषबाधेची खात्री असेल, म्हणजे तांबं सापडलं, घरात कीटकनाशक फवारलं, तर मोठा बदल करावाच लागतो. पण तेव्हाही नव्या पाण्याचा केएच, खारटपणा आणि तापमान आधी जुळवून. केएच उतरला असेल तर चढवायचा दर लक्षात ठेवा: १०० लिटरला १ डीकेएच (केएचचा एक अंक) म्हणजे सुमारे ३ ग्रॅम खायचा सोडा. बेकिंग पावडर नव्हे.

शून्य फॉस्फेटचा आग्रह हा जुना गैरसमज आहे. साउथहॅम्प्टन विद्यापीठातल्या यॉर्ग वीडेनमान आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या संशोधनात दिसलं की नायट्रेट भरपूर आणि फॉस्फेटचा दुष्काळ अशा पाण्यातली कोरल उष्णतेनं आणि उजेडानं अधिक सहज ब्लीच होतात. फॉस्फेट ०.०३ ते ०.१ आणि नायट्रेट २ ते १० पीपीएम या पट्ट्यात राहू द्या. जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे) एकदम जास्त भरला की फॉस्फेट दोन दिवसांत कोसळतं आणि फिकट कोरलबरोबर डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्मजीवांची तपकिरी बुडबुडेवाली तारही येते. हान्ना कंपनीचा फॉस्फरस चेकर वापरत असाल तर त्यावरचा आकडा फॉस्फेटचा नसतो, फॉस्फरसचा असतो. त्याला ३.०६६ नं गुणा आणि हजारानं भागा: २० दिसलं तर फॉस्फेट ०.०६. हा गुणाकार विसरून २० ला घाबरणारे आणि टाकी उपाशी ठेवणारे पुष्कळ आहेत.

“खडक उकळून घ्या”

हा मुद्दा कोरलपेक्षा माणसांचा आहे. अनेक झोअँथिडांमध्ये, विशेषतः पॅलिथोआमध्ये, पॅलिटॉक्सिन असतं. हे ज्ञात विषांतल्या अत्यंत जहाल विषांपैकी एक. असा खडक उकळला, गरम पाण्यानं धुतला किंवा ब्रशनं घासला की ते वाफेतून आणि तुषारांतून श्वासात जातं. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरला २०१८ साली टाकीतलं कोरल साफ करताना हे विष पसरलं आणि अख्खं कुटुंब रुग्णालयात गेलं. झोअँथिड असलेला खडक कधीही उकळू नका, मायक्रोवेव्हमध्ये घालू नका. कापताना हातमोजे आणि चष्मा घाला, पाण्याखाली कापा, हातावर जखम असेल तर ते काम पुढे ढकला. काम झाल्यावर धाप लागली, तोंडात धातूची चव आली, ताप किंवा थंडी भरली, तर मोकळ्या हवेत या, घरच्यांना आणि पाळीव प्राण्यांनाही बाहेर काढा, आणि डॉक्टरांना ‘पॅलिटॉक्सिन’ हा शब्द सांगा. नाहीतर ते साधा फ्लू समजतील.

खडक उकळायची वेळ बहुतेकांवर येते ती एप्टेशिया या तणासारख्या पसरणाऱ्या समुद्रफुलामुळे, आणि त्यावर सोपे उपाय आहेत. कॅल्शियम हायड्रॉक्साइडची दह्याइतकी घट्ट पेस्ट करा, पंप बंद ठेवा, सिरिंजनं सरळ त्याच्या तोंडावर सोडा, पंधरा मिनिटांनी पंप सुरू करा. एका वेळी पाच-सहाच घ्या, कारण पेस्ट पीएच चढवते. खरवडू मात्र नका; मागे राहिलेल्या कणाकणातून नवा उगवतो. प्रादुर्भाव मोठा असेल तर बर्घिया न्यूडिब्रँक आणा. तो फक्त एप्टेशियाच खातो, पण टाकीत रास किंवा पेपरमिंट कोळंबी असेल तर तीच बर्घियाला खाऊन टाकेल, तेव्हा आधी त्यांची दुसरीकडे सोय करा.